अन्नपूर्णा बेस कॅम्प टी-हाउसनं करायचा आहे: दारव्ह्याहून चौघं, दिवस कसे लावायचे?

दारव्हा_पायी

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्यातले चौघं नेपाळमधल्या अन्नपूर्णा बेस कॅम्पला जायचं ठरवतो आहोत. तंबू नाही, स्टोव्ह नाही. वाटेतल्या टी-हाउसमध्ये राहायचं आणि तिथंच जेवायचं. दोघं शेतकरी, एक जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, एकाचं कृषी केंद्र. वयं 27, 38, 41 आणि 54. रोज सकाळी सहा किलोमीटर चालणं सगळ्यांचं होतं.

डोक्यात असलेला बेत असा:
दिवस 1: पोखऱ्याहून जीपनं झिनू, तिथून चालत छोम्रोंग (2170 मी.)
दिवस 2: दोभान
दिवस 3: दोभानहून थेट मच्छापुच्छ्रे बेस कॅम्प (3700 मी.)
दिवस 4: पहाटे अन्नपूर्णा बेस कॅम्प (4130 मी.), त्याच दिवशी बांबूपर्यंत परत
दिवस 5: झिनू, जीपनं पोखरा

घरून निघून घरी येईपर्यंत 11 दिवस. हे बसतं का? नोव्हेंबर बरा की मार्च? वाटाड्या घ्यावाच लागतो का? आणि एक महत्त्वाचं: 38 वर्षांच्या सोबत्याकडे सिकलसेल वाहक असल्याचं कार्ड आहे. त्याला नेता येईल का?

चिखलदरा_चढण

दादा, पाच दिवसांतला तिसरा दिवस सगळ्यात आधी खोडा. बाकीचं नंतर पाहू.

दोभान साधारण 2550 मीटरवर आहे. तिथून एका दिवसात 3700 वर झोपायला गेलात तर मुक्कामाची उंची एकदम अकराशे मीटरनं वाढते. डोंगरातला सर्वमान्य नियम असा की 3000 मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या झोपण्याच्या उंचीत 500 मीटरहून जास्त वाढ नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर जास्तीचा. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्र कुठं काढता ते महत्त्वाचं. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि त्रास पहाटे दोन-तीनला सुरू होतो, जेव्हा खाली उतरणं सगळ्यात अवघड असतं.

अन्नपूर्णेची वाट यात फसवी आहे. छोम्रोंग, सिनुवा, बांबू या पहिल्या दोन दिवसांत पाय दमतात पण उंची वाढत नाही. छोम्रोंग 2170, सिनुवा 2360, बांबू 2310. माणसाला वाटतं आपण दोन दिवस डोंगरात आहोत, शरीर सरावलं असेल. सरावलेलं नसतं. खरी चढण बांबूनंतर सुरू होते आणि शेवटच्या चार टप्प्यांत 1800 मीटर उंची येते. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्के असतो. यवतमाळ जिल्ह्यातला माणूस चारशे-साडेचारशे मीटरवरून निघतो, म्हणजे आधीचा सराव शून्य धरा.

मी असं लावीन:
1: पोखरा ते झिनू जीप, चालत छोम्रोंग. झिनूच्या अलीकडे 287 मीटर लांबीचा झुलता पूल लागतो. झिनूहून छोम्रोंग दोन-अडीच तासांची खडी चढण.
2: छोम्रोंग ते बांबू. आधी ओढ्यापर्यंत पायऱ्या उतरायच्या, मग सिनुवाला चढायचं, मग पुन्हा उतार.
3: बांबू ते हिमालय (2920). हे गावाचं नाव, गोंधळू नका.
4: हिमालय ते देउराली (3230). फक्त दोन तास. तरी इथंच थांबायचं.
5: देउराली ते मच्छापुच्छ्रे बेस कॅम्प (3700). अडीच तास.
6: पहाटे वर जाऊन परत, दोभान किंवा बांबू.
7: बांबू ते झिनू.
8: झिनू ते पोखरा.
आणि वर एक मोकळा दिवस, ज्यावर कुणाचाही डोळा नको. बर्फ पडलं, कुणाचं डोकं दुखलं, वरच्या लॉजात जागा नाही मिळाली, की तो खर्ची पडतो.

चौथा आणि पाचवा दिवस पाहून तरणी पोरं म्हणतील की सकाळी दहालाच चालणं संपलं, पुढं जाऊ. तिथं ऐकायचं नाही. दुपारी जेवून शंभर-दीडशे मीटर वर चालून या आणि झोपायला खाली परत या. त्याचा उपयोग होतो.

वणी_आरोग्य

सिकलसेलबद्दल आधी, कारण आपल्या भागात हा प्रश्न अनेकांचा आहे आणि ट्रेक कंपन्यांच्या फॉर्मवर त्याचा रकानाही नसतो.

कार्डावर एएस आहे की एसएस ते नीट पाहा. एसएस म्हणजे रुग्ण. अशा व्यक्तीनं या उंचीवर जाऊ नये, यात दुमत नाही. एएस म्हणजे वाहक. बहुतेक वाहकांना रोजच्या आयुष्यात काही होत नाही, आणि उंचीवर जाऊन सुखरूप आलेले वाहकही आहेत. पण प्राणवायू कमी झाला, त्यात पाणी कमी प्यायलं आणि अंगमेहनत झाली की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन प्लीहेचा रक्तपुरवठा तुंबू शकतो. लक्षण ओळखा: डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखणं, कधी डाव्या खांद्यापर्यंत कळ, मळमळ, ताप. लोक याला गॅस समजतात आणि ओवा खाऊन झोपतात. वाहकाला उंचीवर असं दुखलं की गॅस समजायचंच नाही. लगेच खाली, आणि खाली पोचल्यावर दवाखान्यात सांगायचं की हा सिकल वाहक आहे. वाटाड्यालाही पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

जायच्या आधी जिल्हा रुग्णालयात फिजिशियनला दाखवा. निव्वळ सोल्युबिलिटी चाचणी झाली असेल तर ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनं कळतं. बाकी तिघांनी कधी चाचणीच केली नसेल तर तीही करून घ्या. 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं तर सोय होते.

आता सगळ्यांसाठी. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, चक्कर, विलक्षण थकवा यांपैकी काही असेल तर तो उंचीचा त्रासच समजायचा, जोवर दुसरं कारण सिद्ध होत नाही. त्या दिवशी वर जायचं नाही. पाणी, आराम, पॅरासिटामॉल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण बरं वाटलं तरच पुढे. वाढलं तर खाली. तीनशे मीटर उतरलं तरी पुष्कळदा फरक पडतो.

दोन लक्षणांत सकाळची वाट पाहायची नाही, रात्र असली तरी उतरायचं. एक, सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं, बरळणं, सुस्ती. ही मेंदूची सूज. दोन, बसल्या जागी धाप, कोरडा खोकला, पुढे गुलाबी फेस. हे फुप्फुसात पाणी. या माणसाला एकटं खाली पाठवायचं नाही आणि एकटं खोलीत झोपवायचंही नाही.

डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड. उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधाचा नेहमीचा डोस 125 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, उंची वाढायच्या आदल्या दिवसापासून. बाजारात 250ची गोळी मिळते, ती अर्धी करावी लागते. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, हे अपेक्षित आहे. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरी एक-दोन दिवस घेऊन पाहा, म्हणजे अंगावर काही उठतं का ते दवाखाना जवळ असताना कळेल. ही गोळी त्रास झाकत नाही, शरीराला सरावायला मदत करते. पण ती घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर पूर्ण बंद.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्यावर निर्णय सोपवू नका. गार बोटावर आकडा चुकतो. 54 वर्षांच्या काकांचा बीपी, साखर आणि ईसीजी आत्ताच करून घ्या, निघायच्या आठवड्यात नको.

दारव्हा_पायी

ताई, फार उपयोगाचं लिहिलं. कार्डावर एएस आहे, पण चाचणी कोणती झाली ते पाहावं लागेल. डॉक्टरांना दाखवतोच.

दोन शंका. जायच्या आधी चिखलदऱ्यात तीन-चार रात्री काढल्या तर उंचीचा सराव होईल का? आणि सहा किलोमीटर चालणं पुरेल का?

चिखलदरा_चढण

सराव नाही होणार. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, वैराटचं टोकही बाराशेच्या आतच. उंचीचा परिणाम साधारण अडीच हजार मीटरपासून जाणवतो. पायांसाठी मात्र जरूर या, गाविलगडाची चढ-उतर पाठीवर ओझं घेऊन करा.

मेळघाटी_वाट

भाऊ, सपाट रस्त्यावरचे सहा किलोमीटर दम वाढवते, गुडघे तयार नाही करत. त्या वाटेवर दगडी पायऱ्याच पायऱ्या हायेत, अन् उतरतानी मांड्या जाते. चढाईनं माणूस दमते, उतरणीनं लंगडते. म्हणून उतरण्याचा सराव वेगळा करजा.

गावात डोंगर नसन तं शाळेचा जिना घ्या. एक मजला तीन-साडेतीन मीटर. शंभर वेळा चढलं की तीनशे-साडेतीनशे मीटर झालं. जिना बी नसन तं ओट्याची 20 सेंटीमीटरची पायरी पुरे. पंधराशे वेळा वर-खाली म्हणजे 300 मीटर. पयल्या दोन आठवड्यात रिकाम्या पाठीनं 150 मीटर, मंग हळूहळू 400 पर्यंत, अन् शेवटच्या महिन्यात पाठीवर सहा किलो. ओझ्यासाठी पाण्याच्या बाटल्या भरा, गुडघा दुखला तं पाणी सांडून देता येते. आठवड्यातून तीन दिवस हे, अन् एक दिवस सलग पाच-सहा तास चालणं, ज्या बुटात जायचं त्याच बुटात. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या जवळ पडत असन तं तिकडं जा.

काकांसाठी खास. उतरतानी पायरीवर पाऊल हळू टेकवायचं, गुडघा थोडा वाकलेला ठेवायचा, धपकन् नाही टाकायचं. दोन काठ्या घ्या. उतारावर काठी थोडी लांब करायची, चढावर आखूड.

अन् सगळा सराव दिवस उगवायच्या आत उरका. आपल्या उन्हात दुपारी पायऱ्या चढून कोणी भक्कम नाही होत.

बूट अर्धा नंबर मोठे घेजा. उतारावर बोटं पुढं आदळते, नखं काळी होते. निघायच्या आधी नखं कापा. नवे बूट थेट पोखऱ्यात घालू नोका, कमीत कमी महिनाभर वापरलेले पायजे.

काळी_माती

हंगामाचं मी सांगतो, कारण इथं शेताचं आणि डोंगराचं वेळापत्रक दोन्ही जुळवावं लागतं.

ऑक्टोबर सगळ्यात गर्दीचा आणि आपल्यासाठी सगळ्यात गैरसोयीचा. सोयाबीन काढणी, मळणी, लगेच हरभऱ्याची पेरणी. शिवाय आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास नेपाळात दशैं आणि दिवाळीत तिहार. दशैंत पोखऱ्याच्या बसमध्ये जागा मिळत नाही, भरिया (ओझं वाहणारे) आणि वाटाडे गावी गेलेले असतात. गुरुजींची दिवाळीची सुटी नेमकी त्याच काळात येते, हा पेच आहे.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला. हरभरा पेरून झालेला, तूर उभी, कापसाची वेचणी मात्र चालू. मजूर आणि मोजमाप सांभाळणारं घरी कुणी असेल तरच निघा. आकाश साधारण स्वच्छ, लॉजात जागा मिळते, बेस कॅम्पवर रात्री उणे दहाच्या आसपास. गुरुजींना अर्जित रजा टाकावी लागेल.

मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा पूर्वार्ध: गहू-हरभरा निघालेला, हात मोकळे. पण हिवाळ्यात साठलेला बर्फ तेव्हाच सुटतो. हिमालय ते मच्छापुच्छ्रे बेस कॅम्प या पट्ट्यात डाव्या हाताला हिउँचुलीचे उतार आहेत. बर्फ सुटतं ते ठिकाण वाटेवरून दिसतच नाही. वर काय साठलंय ते कळत नाही आणि खाली कडक ऊन पडलेलं असतं, म्हणून लोक निर्धास्त चालतात. 17 जानेवारी 2020 ला देउरालीजवळ याच पट्ट्यात हिमस्खलनात चार कोरियन आणि तीन नेपाळी गेले.

एप्रिलअखेर ते मे मध्य हा पर्याय कुणी सुचवत नाही, पण शिक्षक आणि शेतकरी एकत्र जाणार असतील तर विचार करण्यासारखा. शाळेला सुटी, खरिपाच्या मशागतीला थोडा अवकाश. दुपारनंतर ढग आणि गारा असतात, डोंगर सकाळीच दिसतो. त्यामुळे सहाला निघून बाराला मुक्कामी पोचायचं.

आणि बंगालचा उपसागर विसरू नका. आपल्याकडे अवकाळी आणणारे पट्टे तिथूनच येतात आणि काही पुढे हिमालयात जाऊन धडकतात. हुदहुद चक्रीवादळ 12 ऑक्टोबर 2014 ला विशाखापट्टणमला आलं आणि दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा भागात थोरोंग खिंडीवर बर्फाचं वादळ केलं. चाळीसच्या वर माणसं गेली. म्हणून निघायच्या आठवड्यापासून हवामान खात्याचं उपसागराचं पत्रक रोज वाचा. कमी दाबाचा पट्टा उत्तरेकडे वळतोय दिसलं तर देउरालीच्या वर जायचं नाही. बांबू-दोभानला दोन दिवस बसून राहायचं. मोकळा दिवस यासाठीच असतो.

वर्धा_जंक्शन

प्रवास. दारव्ह्याहून एसटीनं नागपूर. नागपूरहून गोरखपूरला राप्तीसागर एक्सप्रेस थेट जाते, पण रोज नाही, म्हणून तारीख तिच्यावरून ठरवा. गोरखपूरहून सोनौली शंभर किलोमीटरच्या आत, बस-जीप सारख्या मिळतात. रेल्वेनं नौतनव्यापर्यंत गेलं तर तिथून सोनौली सात-आठ किलोमीटर. सीमा पायी ओलांडायची, पलीकडे बेलहिया, मग भैरहवा. तिथून पोखऱ्याची बस, पाल्पामार्गे आठ-नऊ तास धरा, घाटाचा रस्ता आहे. पावसानं दरड आली तर जास्त. घर ते पोखरा अडीच ते तीन दिवस, येताना तेवढेच. म्हणजे आठ दिवसांचा ट्रेक, एक मोकळा, पोखऱ्यात परवान्याचा एक, प्रवास सहा. सोळा दिवस काढा. अकरात हे होत नाही.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. सकाळच्या बसला हे आठवा.

ओळखपत्र: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधारवर विसंबू नका. विमानानं जायचं असेल तर ते मुळीच चालत नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही. परवाने दोन: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा, सार्क देशांसाठी 1000 नेपाळी रुपये, परदेशी लोकांना 3000. आणि टिम्स कार्ड (ट्रेकरच्या नोंदणीचं), सार्कला 1000. सार्कचा दर मिळायला नागरिकत्वाचा पुरावा दाखवावा लागतो. प्रत्येकी चार फोटो आणि ओळखपत्राच्या तीन झेरॉक्स घरूनच न्या.

पैसे: 1 भारतीय रुपया म्हणजे 1.6 नेपाळी, दर ठरलेला. नेपाळनं 2018 च्या अखेरीस शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती, म्हणून शंभराच्या नोटा न्या आणि निघताना ताजा नियम पाहा. 2024 पासून फोनपे नावाच्या नेपाळी कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. आपल्याकडच्या फोनपेशी गल्लत करू नका. पोखऱ्यात हॉटेलचं भागतं, पण वर रोख लागते. ट्रेकचा सगळा पैसा पोखऱ्यातून नेपाळी नोटांत घेऊन निघा, त्यात हजाराच्याच नको, शंभर-पाचशेच्याही हव्या.

सिम नेपाळ टेलिकॉमचं घ्या. तरी छोम्रोंगच्या वर रोज फोन लागेल असं घरी सांगू नका. दोन दिवस फोन नाही आला म्हणून घरचे घाबरतात.

अर्जुनी_मोरगाव

टी-हाउसची रीत समजून घेतली तर भांडणं होत नाहीत. खोली स्वस्त असते, कारण कमाई जेवणावर असते. जिथं झोपता तिथंच रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता घ्यायचा, ही अट सगळीकडे. खोलीत दोन खाटा, उशी, रजई. शेगडी फक्त जेवणाच्या खोलीत, तीही संध्याकाळी. गरम पाण्याची अंघोळ, चार्जिंग, वायफाय याचे पैसे वेगळे. दरपत्रक भागाभागाचं ठरलेलं असतं, घासाघीस करू नका. सामान माणसाच्या किंवा खेचराच्या पाठीवरून येतं, म्हणून वर जाल तसं महाग.

संध्याकाळी पोचल्याबरोबर जेवणाची आणि सकाळच्या नाश्त्याची ऑर्डर वेळेसह लिहून द्या. चौघांनी चार वेगळे पदार्थ सांगितले तर एका चुलीवर दीड तास लागतो. चौघांनी दाल-भात सांगा. तो पोट भरेपर्यंत वाढतात, ताजा असतो. सिनुवाच्या वर मांस चालत नाही, स्थानिक लोक तो भाग पवित्र मानतात, त्यामुळे बरोबर सुकट वगैरेही नेऊ नका. जवसाची चटणी न्या, उंचीवर तोंडाची चव जाते तेव्हा भात उतरतो. चालताना खायला फुटाणे, शेंगदाणे, गूळ, प्रत्येकी रोज शंभर ग्रॅम पुरे. भूक नसली तरी जेवायचं.

पाणी दिवसाला तीन ते चार लिटर. प्लास्टिकच्या बाटल्यांवर तिथं निर्बंध आहेत, प्रत्येकी एक लिटरच्या दोन बाटल्या न्या, त्यातली एक गरम पाणी सोसणारी. क्लोरीनच्या गोळ्या टाकल्यावर अर्धा तास थांबा, बर्फाळ पाण्याला तासभर. उकळलेलं पाणी विकत मिळतं. चार हजार मीटरवर ते 86-87 अंशाला उकळतं, जंतू मरायला तेवढं पुरतं. रात्री तीच गरम बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा.

कपड्यांत एकच गोष्ट घट्ट धरा: सुती नको. आपण कापूस पिकवणारे, अंगात बनियनपासून सदऱ्यापर्यंत सुती असतं. सुती कपडा घाम शोषतो आणि धरून ठेवतो. थांबलात की तो ओला कपडा अंगातली ऊब खेचतो. अंगालगत पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, थांबल्यावर पिसांचं जाकीट, सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं. चालताना थोडं गार वाटेल एवढंच घालायचं. घाम फुटायच्या आधी एक थर काढायचा.

लोकरी टोपी, हातमोजे, मोजे यासाठी लांब जायला नको. गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे आणि हिवाळ्यात तिबेटी लोकांची लोकरी दुकानं नागपुरात लागतात. जाकीट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्यात लेकसाइडला भाड्यानं मिळते. घेताना चेन पूर्ण उघड-बंद करून पाहा, पिसं गोळा झालीत का दाबून पाहा. लॉजात रजई मिळते, तरी बॅग हवी, कारण गर्दीत वरच्या लॉजात रजया पुरत नाहीत. गॉगल साधा फॅशनचा नको. बर्फावरच्या उन्हानं डोळे पोळतात आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत.

फोन आणि पॉवरबँक रात्री झोपताना अंगाजवळ. गारठ्यात बॅटरी बसते.

वर्धा_जंक्शन

खर्चाचा हिशेब राहिला. एका माणसाचा, नऊ दिवस, नेपाळी रुपयांत: राहणं-जेवण-पाणी रोज 3500 धरून 31,500. परवाने 2000. वाटाड्या रोज 4000 प्रमाणे 36,000, चौघांत प्रत्येकी 9000. एक भरिया रोज 3000 प्रमाणे 27,000, प्रत्येकी 6750. एकूण 49,250, म्हणजे साधारण 30,800 भारतीय. बक्षिसी, भाड्याचं सामान, जीप, पोखऱ्यातलं हॉटेल आणि घरापासूनचा प्रवास वेगळा. दर वाढत असतात, वर पंधरा टक्के ठेवा.

काळी_माती

वाटाड्याबद्दल. 1 एप्रिल 2023 पासून नेपाळ पर्यटन बोर्डानं परदेशी ट्रेकरना परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला आहे. काही लोक सांगतील की चौकीवर कुणी विचारत नाही. तरी घ्या. देउरालीच्या पुढे हिमस्खलनाच्या दिवसांत नदीच्या पलीकडून जाणारी दुसरी वाट वापरतात, ती कधी धरायची हे तोच सांगू शकतो. वरच्या लॉजात जागाही तोच फोन करून धरतो. पोखऱ्यात त्याचं ओळखपत्र पाहा, आणि त्याचं जेवण, राहणं, विमा मजुरीत धरलं आहे का ते कागदावर लिहून घ्या.

भरियावर चौघांचं मिळून वीस किलो, त्याहून जास्त नको. म्हणजे प्रत्येकी पाच किलो त्याच्याकडे, बाकी तुमच्या पाठीवर. त्याच्याकडे बूट, जाकीट, गॉगल आहे का ते निघायच्या आधी पाहणं तुमची जबाबदारी. आपल्यासाठी ओझं वाहणारा माणूस चपलेवर बर्फात चालत असेल तर तो ट्रेक नीट आखलेला नाही.

दारव्हा_पायी

सगळ्यांचे मनापासून आभार. बेत बदलला. सोळा दिवस, चिखलदरा_चढण यांनी दिला तसाच आठ अधिक एक. तारखा एकतर नोव्हेंबर 16 नंतर, नाहीतर एप्रिलचा शेवटचा आठवडा, गुरुजींच्या रजेवर ठरेल. सहाव्या दिवशी मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पहून पहाटे साडेचारला निघू, साडेसहापर्यंत वर, आठला परत फिरू, जेवून अकरापर्यंत देउराली, संध्याकाळी बांबू. बरोबर ना?

चिखलदरा_चढण

नोव्हेंबरात, ताजं बर्फ पडलेलं नसेल तर, बरोबर. एप्रिलात नाही. त्या हिशेबानं तुम्ही दहा-अकराला देउरालीच्या वरच्या पट्ट्यात असता, आणि तोवर ऊन वरच्या उतारांवर दोन-तीन तास पडलेलं असतं. वसंतात तो पट्टा नऊच्या आत ओलांडायचा, जातानाही आणि येतानाही. जाताना सगळेच लवकर निघतात, येताना फोटो काढत बसतात.

एप्रिलात जाणार असाल तर सहावी रात्र अन्नपूर्णा बेस कॅम्पवरच काढा. 3700 वरून 4130, वाढ 430 मीटर, नियमात बसते. पाचव्या रात्री चौघांचं डोकं शांत असेल तरच. सातव्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालं की साडेआठपर्यंत देउराली मागे पडते. मोकळा दिवस यात खर्ची पडेल, म्हणून आणखी एक जोडा, सतरा धरा. आणि रात्रभर बर्फ पडलं असेल तर चोवीस तास हलायचं नाही, लॉजवाल्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. त्या पट्ट्यात चालताना एकमेकांत अंतर ठेवा, थांबायचं नाही, पाणी प्यायला सुद्धा नाही.

वणी_आरोग्य

विमा राहिला. पॉलिसीत तीन ओळी शोधा: ट्रेकिंग वगळलेलं आहे का, किती मीटरपर्यंत संरक्षण आहे, आणि हेलिकॉप्टरनं आणण्याचा खर्च धरला आहे का. प्रवासविम्याच्या बऱ्याच पॉलिसीत उंचीची मर्यादा असते. तुम्हाला 4130 जायचं आहे, तर 4500 तरी हवी. हेलिकॉप्टरचा खर्च लाखाच्या पुढे जातो. बोलवायच्या आधी विमा कंपनीच्या नंबरवर कळवावं लागतं, नाहीतर दावा नाकारतात. तो नंबर, पॉलिसी क्रमांक, रक्तगट आणि सोबत्याचं सिकल एएस असणं, हे चौघांच्याही खिशात कागदावर हवं. फोनमध्ये नको.

डॉक्टरांनी सोबत्याला नाही म्हटलं तर तिघं जाऊन त्याला घरी ठेवण्यापेक्षा घोरेपानी-पून हिलचा विचार करा, 3210 मीटर, तोही टी-हाउसचाच, चार दिवसांत होतो. तीही उंची वाहकासाठी डॉक्टरांना विचारूनच.

दारव्हा_पायी

सोमवारी यवतमाळला जिल्हा रुग्णालयात चौघंही जातो आहोत, कार्ड आणि जुने रिपोर्ट घेऊन. डॉक्टर काय म्हणतात त्यावर बेस कॅम्प की पून हिल ते ठरेल, इथं लिहितो. मेळघाटी_वाट भाऊ, काकांनी ओट्यावरचा सराव सुरू केला आहे, उतरताना उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतं म्हणतात. चालू ठेवायचं की थांबायचं?

मेळघाटी_वाट

थांबा. चार दिवस उतरणं बंद, सपाट चालणं चालू ठेवा. मंग 20ची पायरी सोडून 10 सेंटीमीटरच्या विटेवर, रिकाम्या पाठीनं, रोज शंभरच. बाहेरच्या बाजूला दुखते म्हणजे पुष्कळदा मांडीची बाहेरची पट्टी अन् कंबरेचे स्नायू कमजोर असते. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, पंधरा-पंधरा वेळा तीनदा, दोन्ही पायांनी. दोन आठवड्यात कमी नाही झालं, गुडघ्यावर सूज आली, नाही तं गुडघा अडकून राह्यला, तं हाडाच्या डॉक्टरले दाखवून घेजा.